पाकिटाचा कोपरा

एप्रिल लागला की आमच्या घराला एरंडेलाचा वास यायला लागतो. वास काही फार सुरेख नाही, उगाच खोटं कशाला सांगा. पण तो आठवडाभर हातांना, दाराच्या कडीला, लॅपटॉपच्या कळांनासुद्धा चिकटून राहतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी गालावर हात ठेवून बसले की समोरचा तक्ता पुसट होतो आणि मला घरची बाल्कनी दिसते. जुन्या चादरीवर पसरलेला गहू, चादर उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर बत्ता, एका कोपऱ्यावर बंद पडलेली इस्त्री, आणि दारात खुर्ची टाकून कबुतरांशी भांडत बसलेली आई.

आज सकाळी टेंपो आला. मिलिंदचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, चुलते दर वर्षी शिरूरकडून शेतातला गहू पाठवतात. पोती लिफ्टमध्ये चढवताना वॉचमनने नेहमीप्रमाणे लिफ्टच्या तब्येतीची काळजी व्यक्त केली. चौथ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडातली मुलगी लिफ्टमध्ये शिरली, पोत्यांकडे बघत राहिली आणि हे कुठल्या ॲपवर मिळतं म्हणून तिने विचारलं. मिलिंद गंभीर चेहऱ्याने म्हणाला की हे ॲप फार जुनं आहे, त्याला काका म्हणतात. तिने नाव लिहूनही घेतलं असतं, पण तेवढ्यात तिचा मजला आला.

आम्ही हडपसरला राहतो. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा खिडकीतून ऊस दिसायचा, आता काचेच्या इमारती दिसतात. त्यातल्याच एका इमारतीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. बाकीचे लोक काहीतरी बनवतात आणि मी त्यात खोट काढते. पुण्यात राहून हे काम पगार घेऊन करायला मिळावं, यापरतं सुख नाही.

गव्हाच्या पोत्याची शिवण उसवली की तागाचा आणि धुळीचा मिळून एक कोरडा वास घरभर होतो, आणि त्या वासाबरोबर मला तो एक उन्हाळा आठवतो. आमच्याकडे पहिल्यांदा पोती आली तो. त्याआधी आम्ही कणीक पाकिटातून आणणारी माणसं. मैत्रीची, आमच्या मुलीची, सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि तिच्या हातात वेळच वेळ होता. काकांनी न विचारता गहू धाडला, आणि फोनवर ऊन दाखवा, पाला घाला, कोठीत भरा, अशा सूचना केल्या. ऊन दाखवायला जागा एकच, बाल्कनी. आणि बाल्कनी प्लॅस्टिकने भरलेली होती.

झालं होतं असं की सुका कचरा न्यायला येणाऱ्या बाई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या आणि लग्नघरीच रमल्या होत्या. त्यांच्या बदल्यात येणारा माणूस फक्त ओला कचरा उचलायचा. मग आमची पाकिटं, पिशव्या, थर्माकोल, फुगेवाला कागद, सगळं मोठाल्या गोण्यांत घालून बाल्कनीत साठत गेलं. रोज दिसत होतं, पण कचऱ्याचं काय, तो थोडा थोडा येतो आणि माणूस त्याला सरावतो. गहू दारात आल्यावर मात्र प्रश्न सरळ झाला. बाल्कनीत एक तर गहू राहील, नाही तर प्लॅस्टिक.

मिलिंदने त्या गोण्या हॉलमध्ये पालथ्या केल्या. तो हिशेबतपासनीस नाही, पण वृत्ती तीच. त्याने प्रत्येकाचा वेगळा ढीग करायला घेतला. मैत्रीच्या ढिगात वेफर्सची आणि नूडल्सची चकचकीत पाकिटं. माझ्या ढिगात घरपोच खरेदीचं एवढं बाड, की आत नेमकं काय आलं होतं ते मला एकाही पाकिटावरून सांगता येईना. मिलिंदच्या ढिगात फरसाणाच्या पिशव्या, ज्यांतल्या काही त्याने घरी आणलेल्या कुणाला आठवत नव्हत्या. आणि सगळ्यात मोठा ढीग आईचा. डाळी, रवा, पोहे, मीठ, साखर, बिस्किटांचे पुडे, दुधाच्या पिशव्या. मैत्री टाळ्या वाजवत म्हणाली की आजी पहिली आली.

आई पेपर वाचत होती. तिने चष्मा न काढता एवढंच म्हटलं, "स्वयंपाक मी करते म्हणून कचरा माझा. आणि जेवता ते कुणाचं?"

तिच्या ढिगातली पाकिटं मात्र बघण्यासारखी होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. प्रत्येक दुधाची पिशवी धुतलेली. ओली पिशवी ती स्वयंपाकघराच्या फरशीच्या भिंतीला चिकटवून ठेवायची. वाळली की ती आपोआप सुटून ओट्यावर पडायची, मग तिची घडी. आणि कोपरा. आमच्या घरात पाकीट कापायची एक रीत होती आणि ती आईची होती. कात्रीने कोपरा पूर्ण तोडायचा नाही. चीर द्यायची, कोपरा पाकिटाला लटकत राहिला पाहिजे. सुटा कोपरा नखाएवढा असतो, तो कुठे जातो कळत नाही, कचऱ्यात सापडत नाही आणि जेवणात सापडतो, असं ती म्हणायची. मैत्री लहानपणापासून दुधाच्या पिशव्या तशाच कापायची आणि मित्रमैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना शिकवायची.

आईला पाकिटं आवडायची. आवडायची म्हणजे काय, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्याला हेडफोन लावून तिने वर्षानुवर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं. मग एका झपाट्यात फोन घरोघरी आले, बटणं आली, मधल्या माणसाची गरज सरली आणि ती लवकरची निवृत्ती घेऊन घरी बसली. बाबा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. नोकरी गेल्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. उलट जग बदललं ते बरं झालं, असं तिचं ठाम मत. मी शाळेत होते त्या दिवसांत पहिल्यांदा बारीक, पांढरंशुभ्र मीठ पाकिटातून आलं. त्याआधी खडे मीठ यायचं, कागदाच्या पुडीत, पावसाळ्यात पाणी सुटलेलं. आईने ते पाकीट ताटलीत ठेवून आम्हाला दाखवलं होतं. मग तेल डब्यातून पिशवीत आलं, शांपूच्या पुड्या दुकानात माळांसारख्या लटकायला लागल्या, आणि बघता बघता आमच्या स्वयंपाकघरातला रंग बदलला.

मग ते मोठं दुकान निघालं. आपल्या हाताने माल घ्यायचा, ढकलगाडीत घालायचा आणि शेवटी पैसे द्यायचे, असं. रविवारी आम्ही तिथे जायचो, त्याला बाबा सहल म्हणायचे. आई मांडण्यांमधून सावकाश चालायची आणि एकेका पाकिटाला हात लावायची. उचलायची, उलटसुलट करून बघायची, परत जागेवर ठेवायची. घ्यायचं नसलं तरी. बाबा वैतागून म्हणायचे, अगं हे वस्तुसंग्रहालय नाही. ती म्हणायची, म्हणून तर हात लावते. हे मला विनोद म्हणून लक्षात राहिलं होतं.

तर त्या उन्हाळ्यात घराचा ठराव झाला. आता पाकीट बंद. गोण्या एकदाच्या भंगारवाल्याकडे गेल्या, बाल्कनी धुतली, गहू पसरला, आणि आम्ही फारच उत्साहात आलो. दुपारी कडुनिंबाचा पाला सावलीत वाळायला घालायचा, संध्याकाळी ऊन उतरलं की गव्हाला एरंडेलाचा हात फिरवायचा. मैत्रीला ते काम इतकं आवडलं की तिचे कोपरापर्यंतचे हात तुकतुकीत झाले होते. आई कोठीच्या तळाशी पाला घालून वरून गहू सोडायची, मग पुन्हा पाल्याचा थर. खिडकीतून गरम वारा यायचा आणि पंख्याखाली पाला सळसळायचा. खालच्या रस्त्यावर कलिंगडाच्या गाड्या लागायच्या. आंबे गवतात यायचे, आणि ते गवत आम्ही फेकत नाही म्हणून आम्हाला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

दुकानात स्टीलचे डबे घेऊन जाणं हा मिलिंदचा आणि माझा रविवारचा कार्यक्रम झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आधी वाटलं, आम्ही डबे विकायला आलो. मग त्याने रिकाम्या डब्याचं वजन करायला घेतलं आणि मागे रांग लागली. मागचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले की आता पुढच्या रविवारी चूलही घेऊन या, इथेच शिजवून देतील. पण डबा भरायचा त्याचा आवाज मला फार आवडायचा. तो गडी उंचावरून माप ओतायचा आणि डाळ खळ्ळकन स्टीलवर पडायची. घरी आल्यावर मीही तसंच करून बघायची. मोठ्या डब्यातून छोट्या डब्यात, उंचावरून, दाण्यांचा पाऊस पाडत. अशा वेळी आई हळूच उठून बाल्कनीत जायची. उन्हाळ्याच्या भर दुपारीसुद्धा.

चुकाही भरपूर झाल्या. एकदा मिलिंद रवा आणि दही एकाच कापडी पिशवीतून घेऊन आला आणि आम्ही दोन दिवस रवा इडली खाल्ली. शिकेकाईने मैत्रीचे डोळे लाल झाले. ऑफिसात मी माझा स्टीलचा पेला घेऊन जायला लागले, तर कॉफीच्या यंत्राला तो कप आहे हे पटेना. पण घर हलकं वाटत होतं. सुक्या कचऱ्याच्या बाई गावाहून परत आल्या तेव्हा आमची पिशवी उचलून म्हणाल्या, "ताई, घरात कुणी नव्हतं का?" त्या एका वाक्यावर आम्ही आठवडाभर खूष होतो.

आई सगळ्यात होती आणि एका गोष्टीत नव्हती. कापडी पिशव्या तिनेच जुन्या साड्यांच्या शिवल्या. दुधाच्या पिशव्या धुणं तिचं चालूच होतं. पण दुकानात डबा घेऊन ती एकदाही गेली नाही. कधी गुडघा दुखायचा, कधी ऊन फार असायचं, कधी नेमका तिला फोन यायचा. याच बाई रोज सकाळी गुडघ्यासकट लांबच लांब फिरायला जायच्या, हे माझ्या तपासनीस डोक्याला खटकायला हवं होतं. पण घरातली खोट काढायची सवय मला नव्हती, ती फक्त ऑफिसात.

मग एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. आमरस होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष वाटीकडे. मिलिंदने वरणभात कालवला, एक घास घेतला, आणि चावता चावता थांबला. त्याने दातांतून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. नखाएवढा तिकोनी तुकडा. एका बाजूने पारदर्शक, एका बाजूला हिरव्या अक्षराची शेपटी. तूरडाळीच्या पाकिटाचा कोपरा.

आमच्या घरात तूरडाळीचं पाकीट येणं बंद होऊन महिना उलटला होता. डब्यात होती ती डाळ मी माझ्या हाताने दुकानातून भरून आणलेली, निदान माझी तशी समजूत होती. मैत्रीने तो तुकडा बोटावर घेतला, उजेडाकडे धरला आणि आजीकडे बघितलं. तिला हसू येत होतं, कारण आजीने कोपरा सुटा कापला होता. मलाही हसू आलं. मिलिंद तर म्हणाला की आई, तुमच्या हातून हे होईल असं वाटलं नव्हतं, ही तर स्वतःच्याच कायद्याची पायमल्ली.

आई हसली नाही. तिने मैत्रीच्या बोटावरून तो कोपरा घेतला आणि आपल्या ताटाखाली सरकवला. मग म्हणाली की डाळ संपत आल्यावर ती फिरून येताना पाकीट आणते. स्वयंपाकघरात कुणी नसलं की पटकन कापते, पाकिटाचं तोंड डब्यात खोल घालून आवाज न होऊ देता रिकामं करते आणि पाकीट पर्समधून नेऊन बागेतल्या डब्यात टाकते. आम्ही आणलेली डाळ ती शेजारच्या बाईंना देते. हे सगळं तिने इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जणू कुणाला दोन नंबर जोडून देत होती. मग मात्र आमचं हसू थांबलं.

मी विचारलं, का. एवढंच.

ती पाच-सहा वर्षांची असताना तिची आजी तिला दुकानात धाडायची, असं तिने सांगितलं. शिरूरच्याही पुढचं गाव. नुकतीच दीक्षा झाली होती, घरातले देव गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. पण दुकानाचा ओटा होता तिथंच होता. दुकानदार ओट्यावर, ही खाली रस्त्यावर. भांडं हातात धरायचं नाही, जमिनीवर ठेवायचं आणि मागे सरकून उभं राहायचं. मग तो ओट्यावरून माप ओतायचा. वरून. ज्वारी भांड्यात पडायची, भांड्याच्या काठावर आपटून उडायची आणि मातीत जायची. तो आत वळला की ही बसून मातीतले दाणे वेचायची, कारण सांडलेलं टाकून घरी गेलं तर आजी मारायची. निवडून घेणं नाही, हात लावून बघणं नाही. कमी दिलं तरी बोलायचं नाही.

"तुम्हाला डब्याची हौस आहे, ती चांगली आहे," आई म्हणाली. "मी भांडं घेऊन दुकानासमोर उभी राहिले की मला तो आवाज ऐकू येतो. पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, सुटले. जे पाकीट कलेक्टरच्या बायकोला तेच मला. बंद. वजन छापलेलं. माझ्याकडे बघून कुणी काही ओतत नाही."

आमरसाच्या वाट्या तशाच होत्या. मैत्री आजीला चिकटून बसली. मला रडू वगैरे आलं नाही, मला राग आला. तो दुकानदार केव्हाच मेला असेल, त्याच्यावर. आणि मग एक वेगळीच चुटपुट लागली. बाबांनी वस्तुसंग्रहालय म्हटल्यावर आई हसून पुढची मांडणी गाठायची, ती तिची चाल मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. प्रत्येक पाकिटाला ती हात लावत होती, कारण तिथे तिला कुणी नको म्हणत नव्हतं.

मिलिंदने वरण पुन्हा वाढून घेतलं. तो म्हणाला की तूरडाळ आता पाकिटातलीच येईल, आणि लपवून आणायचं कारण नाही. त्यावर आई म्हणाली, "उपकार नकोत. माझी मी आणीन." मग तिने स्वतःच्या वाटीतला रस संपवला आणि तो कोपरा उचलून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

त्यानंतरचे दिवस मला फार शांत आठवतात. गहू कोठीत गेला होता, बाल्कनी रिकामी होती, दुपारी तिथे चटई टाकून मैत्री आणि आजी पत्ते खेळायच्या. मी डाळ-तांदूळ आणून डब्यात भरायची, पण आता डब्यावर वाकून, माप आत टेकवून. आवाज न करता भरता येतं हे मला आईच्या चोरीतूनच कळलं. आई बाल्कनीत उठून जायची थांबली. आमच्या या ठरावाबद्दल मी तोवर कौतुकानेच विचार करत होते. आपले आजी-आजोबा कसे साधे राहायचे, कागदाच्या पुड्या, पितळेचे डबे, काहीही वाया जायचं नाही, असं ऑफिसात चार जणांना सांगूनही झालं होतं. आता वाटायला लागलं की साधेपणा कुणाचा, हे विचारायला हवं. पाकीट वाईट आहे हे खरं. ते आलं तेव्हा कुणाकुणाच्या समोरून तो वरून ओतणारा हात बाजूला झाला, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असलं तरी घर चालवता येतं, असा मला त्या उन्हाळ्यात शोध लागला.

वैशाख निम्मा सरत आला तशी बुद्धपौर्णिमेची तयारी सुरू झाली. आमच्या भागातल्या विहारात त्या दिवशी खीर असते. बुद्ध तपस्वी असताना सुजाताने त्याला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून. दर वर्षी ती प्लॅस्टिकच्या पेल्यांतून वाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी विहाराच्या मागे पेल्यांचा ढीग लागायचा. आदल्या वर्षी तो कुणीतरी पेटवून दिला होता आणि धुराने आजूबाजूच्या घरांतली पोरं रात्रभर खोकत होती. म्हणून महिला मंडळाची बैठक बोलावली. मी आईला सोडायला गेले आणि चप्पल काढून मागेच बसले.

अश्विनी म्हणून एक तरुण शिक्षिका आहे, फार कामाची पोरगी. तिने सुचवलं की यंदा पेलेच नकोत, ज्याने त्याने घरून वाटी आणावी. सूचना सोपी होती. पण पुढे बसलेल्या वयस्क बायकांत चुळबुळ सुरू झाली. कुणी पदराचा काठ सरळ करायला लागलं, कुणी सतरंजीचा धागा ओढायला लागलं. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "घरून भांडं घेऊन लायनीत उभं राहायचं, ते सोडलं ना बाई आपण." अश्विनीला काही कळेना. ती बिचारी धुराबद्दल बोलत राहिली. मला कळत होतं, पण बोलायचा हक्क माझा नव्हता.

मग आई उठली. तिने पदर खांद्यावर घेतला आणि आम्ही लहानपणी तिला एक्स्चेंजमध्ये भेटायला गेलो की ऐकू यायचा त्या आवाजात बोलली, एकेक शब्द सुटा.

"भांडं आणायला हरकत नाही. पण ते कुणी जमिनीवर ठेवायचं नाही. वाढणाऱ्याने ते आपल्या हातात घ्यायचं, पळी आत टेकवायची आणि मग खीर सोडायची. वरून ओतायचं नाही."

वाढायला कोण उभं राहणार, असं अश्विनीने विचारलं. आई म्हणाली की ती.

त्या पौर्णिमेला आई पातेल्यामागे उभी राहिली, पांढऱ्या साडीत, घामाने डबडबलेली. मी रांगेच्या कडेला उभी राहून बघत होते. घरोघरच्या वाट्या आल्या होत्या, चहाचे पेले आले होते, कुणाचा टिफिनचा डबा, कुणाचं ओरखडे पडलेलं पितळी भांडं, एका लहान मुलीचं भातुकलीतलं पातेलं. त्या मावशीही आल्या. रांगेत त्या दोनदा मागे गेल्या आणि दोनदा पुढे आल्या. त्यांची पाळी आली तेव्हा सवयीने की काय, त्या वाटी टेबलावर ठेवून मागे सरकल्या. आईने वाटी उचलली नाही. ती थांबली. मागची रांग थांबली. मावशींनी वर बघितलं, पुढे आल्या, वाटी उचलून आईच्या हातात दिली. आईने ती डाव्या तळहातावर धरली, भरली, आणि परत त्यांच्या हातात दिली. मावशी खीर घेऊन बाजूला गेल्या आणि भिंतीला टेकून सगळी खाल्ली.

आता मैत्री वाघोलीच्या कॉलेजात शिकवते आणि तिच्या घरी दूध पिशवीऐवजी भांड्यातून घेते. आमचा ठराव मात्र पूर्ण कधीच झाला नाही. घरपोच खरेदीचं माझं बाड आटलं, पण संपलं नाही. मिलिंदचं फरसाण आता कागदी पुड्यातून येतं आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मं होतं. तूरडाळीचं पाकीट अजून येतं. आई ते कात्रीने चिरते, कोपरा लटकता ठेवते, पाकीट धुऊन फरशीला चिकटवते. दुकानात डबा घेऊन ती आजही जात नाही. मी जाते.

आज गहू पसरून झाल्यावर ती खुर्चीत बसली, काठीने एक कबूतर हाकललं आणि पौर्णिमा कधी आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. आता ती वाढताना उभी राहत नाही, पातेल्याशेजारी खुर्ची ठेवतात, आणि हात थोडा थरथरतो म्हणून शेजारी अश्विनी असते. पण वाट्या तीच घेते.

गेल्या वर्षी मीही रांगेत होते. मैत्री माझ्या पुढे, मिलिंद मागे. माझी पाळी आली, मी वाटी पुढे केली. आईने कोण आलंय ते वर बघितलंसुद्धा नाही, सगळ्यांच्या वाट्या तिला सारख्याच. तिने माझी वाटी डाव्या तळहातावर घेतली, पळी अगदी तळाला टेकवली आणि खीर सोडली. मी कान देऊन ऐकत होते. काहीही आवाज झाला नाही.